पावभर बेसन म्हणजे किती कप? आठ नगांचा माप-संच आणि बॅटरीचा काटा, दोन्हींची पारख

आर्वी असो, पुसद असो की ब्रह्मपुरी, तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात हे दोन जिन्नस हल्ली जोडीनं दिसतात. एक, काळ्या प्लॅस्टिकचा कप-चमच्यांचा संच: चार कप, चार चमचे, एका कडीत ओवलेले. दुसरा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा पांढरा काटा, वर गोल ताटली, दहा किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा. संच शंभर-दीडशेत मिळतो, काटा तीनशेच्या आसपास. खोक्यावरचं नाव दुकानागणिक बदलतं, आतला माल जवळजवळ सारखाच. म्हणून ही पारख कुठल्या एका नावाची नाही, या जातीच्या मालाची आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. काट्याला पाचापैकी चार. चमच्यांना साडेतीन. कपांना अडीच. आणि संचाच्या खोक्यामागे छापलेल्या तक्त्याला शून्य.

तक्त्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळी नासाडी तिथून होते. त्यात सरळ लिहिलेलं असतं, १ कप = २५० ग्रॅम. कशाचा कप, ते नाही. अडीचशे हा आकडा मिलिलिटरचा, म्हणजे कपात किती जागा आहे त्याचा. ग्रॅममध्येही तोच आकडा येतो तो फक्त पाण्याचा. त्याच कपात बेसन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर बसतं आणि बारीक मीठ तीनशेच्या वर जातं. पावभर बेसनाच्या पाटवड्या करायच्या म्हणून तक्ता पाहून एक कप बेसन घेतलं, तर पीठ निम्म्याहूनही कमी पडलं. पाणी, मीठ, तिखट मात्र पावभराच्या हिशेबानं. मग ताटात थापायला पाटवडी येत नाही, पातळ आणि खारट चून, म्हणजे पिठलं, येतं. दोष बेसनाला दिला जातो, कधी चक्कीला.

आता कप. बहुतेक संचांवर मोठा कप २५० मिली, मग १२५, ८० किंवा ८५, आणि ६० असं छापलेलं असतं. एक तृतीयांश कप खरा ८३ मिलीचा, त्यामुळे ८० आणि ८५ दोन्ही चालून जातात. अमेरिकन पाककृतीतला कप २३७ ते २४० मिलीचा असतो. फरक चार-पाच टक्क्यांचा, केक सोडला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोठा चमचा १५ मिली आणि लहान ५ मिली हे जवळपास सगळीकडे सारखं आहे. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा मात्र २० मिलीचा, तेवढं पाककृती कुठली आहे ते पाहून घ्यावं.

छापलेलं माप खरं आहे का, हे घरीच तपासता येतं. काटा सपाट फरशीवर ठेवा, रिकामा कोरडा कप त्यावर ठेवून शून्याचं बटण दाबा आणि पाणी भरा. आपल्याकडच्या हवेत २५० मिली पाण्याचं वजन २४९ ग्रॅम येतं, म्हणजे तंतोतंत जुळल्यासारखंच. एक काळजी घ्यायची. काठोकाठ भरलेलं पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, आणि रुंद तोंडाच्या कपात त्या फुगवट्यातच दहा-बारा ग्रॅम सहज बसतात. म्हणून डोळा काठाच्या रेषेत आणून पाहायचं, फुगवटा दिसला की थेंबथेंब काढून टाकायचा. २४५ ते २५५ च्या आत आलं तर कप चांगला. २६५ आलं तर फेकायची गरज नाही, खरा आकडा त्याच्याच दांड्यावर कोरून ठेवा. छापलेली अक्षरं तशीही दोन महिन्यांत घासणीनं जातात, ही या संचाची दुसरी खोट. तिसरी म्हणजे दांडा कपापेक्षा भारी असतो, त्यामुळे रिकामा किंवा अर्धा भरलेला कप ओट्यावर ठेवला की मागं कलंडतो. शिवाय उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकला बेसन आणि पिठीसाखर चिकटून बसते, झटकली तरी सुटत नाही. शंभर रुपये जास्त देऊन स्टीलचा, माप ठोकून उमटवलेला संच मिळत असेल तर तोच घ्यावा.

कप अचूक असला तरी त्यात बसणारं पीठ अचूक नसतं, आणि हीच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. पिठाच्या कणांमध्ये हवा असते. ती किती, हे पीठ कसं भरलं त्यावर ठरतं. डब्यात कप खुपसून कणीक काढली तर डब्याच्या कडेशी दाबली जाऊन ती १४५ ते १५० ग्रॅम भरते. तीच कणीक चमच्यानं हलकेच कपात टाकून वरून सुरीच्या पाठीनं सपाट केली तर १२५ ते १३०. कप ओट्यावर दोनदा आपटला की पुन्हा वजन चढतं. चक्कीवरून गरम आणलेलं पीठ फुललेलं असतं. दुचाकीच्या हँडलला पिशवी लटकवून, खड्ड्यांच्या रस्त्यानं पाच किलोमीटर आणलं की तेच खाली बसतं. दोन दिवस डब्यात राहिलं की आणखी दबतं. चाळलं की परत फुलतं. म्हणून पाककृतीत ‘एक कप चाळलेलं बेसन’ आणि ‘एक कप बेसन, चाळून’ यांचा अर्थ वेगळा होतो. पहिल्यात आधी चाळायचं, मग मोजायचं. दुसऱ्यात उलट. नुसत्या शब्दांच्या जागेनं वीस-पंचवीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

दाण्यांचं तसं नाही. तांदूळ, डाळ, साखर फारशी दबत नाहीत, त्यांच्यात दोन भरण्यांमधला फरक दोन-तीन टक्क्यांवर जात नाही. दाणा जितका गुळगुळीत आणि टणक, तितकं मापावर विसंबायला हरकत नाही. पीठ जितकं बारीक, तितकं माप फसवं.

२५० मिलीच्या कपाचे, चमच्यानं भरून सपाट केलेले आकडे देतो. बारीक कणीक १२५ ते १३०, मैदा १३०, चाळलेलं बेसन ९५ ते १००, बारीक रवा १७० ते १७५. साखर २१०, पिठीसाखर सव्वाशेच्या जरा वर. तांदूळ १९५ ते २१०: लांब दाण्याचा कमी बसतो, आखूड दाण्याचा जास्त. (आपल्याकडचा एचएमटी यात वरच्या बाजूला मोजावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं हे वाण, नाव मनगटी घड्याळावरून पडलेलं.) तूर डाळ २०५ ते २१५. साबुदाणा १६० ते १७०, फल्लीदाणे १५० ते १५५, तीळ १५०, खोबराकीस ८० ते ९५. जवस अख्खा १७५, पण भाजून कुटला की तोच कप ११५ ते १२० वर येतो. चटणीसाठी ‘एक कप जवस’ असं कुणी सांगितलं, तर कुटण्याआधी की नंतर हे विचारल्याशिवाय तिखट-मिठाचा अंदाज करू नये. रोडग्यांसाठी दळलेली भरड कणीक बारीक कणकेपेक्षा जड भरते आणि पाणीही वेगळं पिते, तिला कणकेचा आकडा लावून चालत नाही.

हे आकडे भिंतीवर चिकटवण्यासाठी नाहीत, पडताळण्यासाठी आहेत. प्रत्येक घरात रोजच्या मापाची एक वाटी असतेच. तिचाच तक्ता बनवा, परक्या कपाचा कशाला? आधी वाटीत पाणी भरून वजन करा, समजा १६० ग्रॅम आलं, म्हणजे वाटी १६० मिलीची. मग वाटी पुसून पूर्ण कोरडी करून त्यात बेसन नेहमीच्या हातानं भरा, सपाट करा, वजन लिहा. असं तीनदा. समजा ६१, ६४, ६२ आले, सरासरी ६२. पावभरासाठी २५० भागिले ६२, म्हणजे चार सपाट वाट्या. तीन वेळांत पाच टक्क्यांहून जास्त फरक येत असेल तर वाटीचा दोष नाही, भरणारा हात एकसारखा नाही. मिलीवरून ग्रॅम काढायचे तर ६२ भागिले १६०, म्हणजे ०.३९. या बेसनाच्या एका मिलीचं वजन ०.३९ ग्रॅम. हा एक आकडा मिळाला की कुठल्याही भांड्याला लागू होतो: भांड्यात पाणी किती मावतं ते पाहा आणि त्याला ०.३९ नं गुणा. दळण बदललं, चाळण बदलली, की आकडा पुन्हा काढायचा. डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला तर शोधावा लागत नाही.

शिगेचं काय? जुन्या हातांची सवय शिगोशीग भरण्याची, आणि दाण्यांच्या बाबतीत शीग तशी कायम एकाच कोनात उभी राहते. पण तोंड रुंद झालं की शीग नुसती पसरत नाही, उंचही होते. तोंडाची रुंदी दीडपट झाली तर शिगेतला माल तिपटीहून जास्त होतो. म्हणून एका घरची ‘शिगेची वाटी’ दुसऱ्या घरच्या वाटीशी कधीच जुळत नाही, दोन्ही वाट्यांत पाणी सारखंच मावलं तरी. चमच्याचंही तेच: मिठाचा शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दीडपट ते दुप्पट होतो. मोजायचं तर सपाट. शीग द्यायला घ्यायला ठीक आहे.

चमच्यांना साडेतीन गुण दिले ते एका कारणासाठी: दहा ग्रॅमच्या खाली ते काट्यापेक्षा खरे ठरतात. एक ग्रॅम पायरीचा काटा ३ ग्रॅम दाखवतो तेव्हा आत अडीच असू शकतात नाही तर साडेतीन. खाण्याच्या सोड्यात हा फरक साबणासारख्या चवीला पुरेसा आहे. सपाट लहान चमच्यात, ५ मिलीत, बारीक मीठ ६ ग्रॅम, खाण्याचा सोडा साडेचार ते पाच, साखर ४, मेथीदाणे साडेतीनच्या वर, मोहरी तीनच्या वर, हळद ३, खसखस पावणेतीन, तिखट अडीच ते तीन, जिरं २, धने दोनला थोडे कमी. वायगावची हळद घ्या की आणखी कुठली, पूड बारीक असली की वजन एवढंच भरतं. तिखटात मात्र कांडपाचं भरड आणि चक्कीचं बारीक यांत चमच्यामागं फरक दिसतो. तुमच्याकडचं भिवापुरी तिखट एकदा वीस सपाट चमचे मोजून काट्यावर ठेवा आणि वीसनं भागा. एकेक चमचा तोलत बसण्यापेक्षा हा आकडा कितीतरी खरा येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा मिठाचा. समजा मूग-उडदाच्या पापडाला किलोला ८० ग्रॅम मीठ असा एखाद्या बचत गटाचा हिशेब बसलाय. बारीक मिठाचे ते तेरा सपाट चमचे. त्याच चमच्यानं खडेमीठ मोजलं तर खड्यांच्या मधल्या फटींमुळे चमच्यात ४ ते ५ ग्रॅमच जातं, म्हणजे तेरा चमच्यांत ५२ ते ६५. पापड अळणी. उलट खडेमिठाचा अंगवळणी पडलेला हिशेब बारीक मिठाला लावला की खारट. लोणच्यात तर ही चूक चवीवर थांबत नाही, मीठ कमी पडलं की फोडींवर बुरशी धरते. पावसाळ्यात आणखी एक भानगड: हवेतला ओलावा पाऊणशे टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढून घेतं. तेव्हा काट्यावर मिठाबरोबर पाणीही तोललं जातं. आषाढात मीठ तव्यावर कोरडं करून मग तोला. पापड, लोणचं, वड्या, सांडगे यांना कप-चमचा बाजूला ठेवावा, सगळं ग्रॅमवर न्यावं.

आता काटा. आत धातूची पट्टी असते, वजनानं ती किंचित वाकते, तिला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. हे समजलं की त्याचे रुसवेफुगवेही समजतात. खाली कापड किंवा वर्तमानपत्राची घडी असली की पाय नीट टेकत नाहीत, आकडा चुकतो. कूलरचा झोत अंगावर आला की शेवटचा अंक नाचतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलर बंद करून कोण स्वयंपाक करणार? काटा झोताच्या आडोशाला ठेवावा एवढंच. उन्हातून आणलेला काटा लगेच वापरू नये, पंधरा-वीस मिनिटं सावलीत राहू द्यावा. गरम कढई त्यावर कधीच ठेवू नये.

त्याचं सर्वांत फसवं बटण म्हणजे एकक बदलण्याचं. ग्रॅम, औंस आणि मिली असे पर्याय त्यात फिरतात. मिली दिसलं की अनेकांना वाटतं, झालं, आता काटाच माप सांगणार! तो काही सांगत नाही. पाणी समजून वजनालाच मिली म्हणतो. कपभर कणीक त्यावर ठेवली तर १२५ मिली दाखवेल, खरी जागा तिनं २५० मिलीची व्यापलेली असते. दूध-पाण्यापुरतं ते बटण ठीक, कोरड्या जिनसांना त्याचा काही उपयोग नाही. औंसावर चुकून गेलं तर आणखी गंमत: एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, तेव्हा १० दिसतं आणि ताटलीत पाव किलोहून जास्त साखर असते. प्रत्येक वेळी चालू करताना आकड्याशेजारचं अक्षर आधी वाचावं.

दुसरी खोड म्हणजे चिमटी-चिमटीनं टाकलेलं तो मोजत नाही. रिकाम्या ताटलीवरचा हलकासा हेलकावा शून्य धरायचा अशी त्याची रचना असते, त्यामुळे शून्यावरून खसखस अगदी हळू सोडत गेलात तर तो तिलाही हेलकावा समजून गिळतो. खूण अशी: टाकतोय पण आकडा हलत नाही. मग भांडं उचलून परत ठेवायचं किंवा वेगळ्या वाटीत एकदम घेऊन तोलायचं. तिसरी खोड, हात थांबला की दोनेक मिनिटांत तो आपोआप बंद होतो आणि भांड्याचं शून्य विसरतो. परत चालू केला की भांडं आणि पीठ मिळून नवं शून्य. उपाय सोपा आहे: रोजच्या गंजाचं (उभ्या पातेल्याचं) आणि परातीचं रिकामं वजन एकदा करून बुडाला खिळ्यानं कोरून ठेवा. गंज ६१२, परात १४८५, असं. मग काटा विझला तरी हिशेब विझत नाही.

दहा किलो ही मर्यादा भांड्यासकट असते. अडीच किलोच्या पितळी परातीत आठ किलो पीठ म्हणजे साडेदहा. शून्याचं बटण दाबून परातीचं वजन पडद्यावरून जातं, पट्टीवरून जात नाही. जास्त भारानं पट्टी कायमची वाकली की काटा दुरुस्त होत नाही. तीन-तीन किलोचे घाणे तोलावेत. धुवायचा तर नाहीच, ओल्या फडक्यानं पुसायचा. बटणांच्या फटीत गेलेलं तिखट जुन्या दातांच्या ब्रशनं काढायचं. सेल उतरले की आकडे आधी भरकटतात, मग इशारा येतो. भरकटले की सेल बदला, इशाऱ्याची वाट पाहू नका. एक गुण कापला तो या इशाऱ्याच्या उशिरापायी आणि शून्यावर चिमटी गिळण्यापायी. वीज नसली तरी चालतो, हे त्याच्या बाजूनं.

मग वाटी काढून टाकायची? अजिबात नाही. जिथं सगळे जिन्नस एकाच वाटीनं मोजायचे आणि उत्तरही वाटीतच हवं, तिथं काटा आणणं म्हणजे उगाच पसारा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. एक वाटी रवा, एक साखर, अडीच पाणी. वाटी कितीही मिलीची असो, प्रमाण तेच राहतं. बिघडतं ते वाटीतून किलोत जाताना, नाही तर एका वाटीतून दुसऱ्या वाटीत जाताना. पाच माणसांचा गोळाभात वाटीनं छान होतो. तोच दोनशे पानांच्या पंगतीला न्यायचा, वाण्याकडे किलोनं यादी द्यायची, म्हटलं की वाटीचा ग्रॅममधला आकडा हातात हवा.

शाळेच्या खिचडीत हा फरक रोज दिसतो. पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीसाठी मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० आणि ३०. समजा प्राथमिकची ६४ मुलं हजर आहेत: तांदूळ ६.४ किलो, डाळ १२८० ग्रॅम. मापाला लिटरचा डबा आहे. ‘लिटर म्हणजे किलो’ धरून जवळपास साडेसहा डबे टाकले की झालं असं वाटतं. पण लिटरच्या डब्यात तांदूळ ८२० ग्रॅम बसतो. ६.४ डब्यांत सव्वापाच किलोच जातो, म्हणजे मुलामागं ८२ ग्रॅम. खरे डबे लागतात ७.८, म्हणजे आठला दोन मुठी कमी. डाळ डब्यात ८५० ग्रॅम बसते, तिचे दीड डबे पुरतात. डब्याला आतून ८०० ग्रॅम तांदळाची एक रेघ मारून घेतली तर स्वयंपाकाच्या ताईंना आकडेमोड करावी लागत नाही: आठ मुलांमागं रेघेपर्यंत एक डबा. उच्च प्राथमिकला तोच डबा पाच मुलांना पुरतो, वर मुलामागं दहाएक ग्रॅम जास्त जातात.

आजही गावाकडच्या भंडाऱ्याचा हिशेब पायलीनं होतो, पायलीभर कणकेचे रोडगे, एवढी डाळ, एवढी वांगी. पायली, शेर ही मुळात आकारमानाची मापं, आणि पायली मुलखागणिक वेगळी. त्यातच वजनाचाही शेर होता, ८० तोळ्यांचा, आजच्या ९३३ ग्रॅमचा. नाव एक, गोष्टी दोन. १९५६ च्या कायद्यानं आणि १९५८ पासून किलो-ग्रॅमच्या वापरानं वजनाचा शेर गेला, पण आजीच्या वहीत ‘पावशेर गूळ, छटाक खसखस’ राहिलं. तो पावशेर २३३ ग्रॅमचा, छटाक ५८ ग्रॅमचा. वहीतला शेर कुठला हे जिनसावरून ओळखावं लागतं: गूळ, तूप, मसाला असेल तर वजनाचा, धान्य असेल तर बहुधा मापाचा. घरातली पायली कितीची हे पाणी भरून काढा (लाकडी असेल तर पाणी नको, साखर भरा, साखरेचं वजन भागिले ०.८४ म्हणजे मिली). लिटरमागं गहू ७७० ते ८०० ग्रॅम, ज्वारी साधारण ७५०, धान ५५० ते ६००, कणीक ५०० ते ६००. एकाच पायलीत गहू आणि कणीक भरून दोन्ही ‘पायलीभर’ म्हटलं, तर कणीक वजनानं पाऊणपटीहूनही कमी असू शकते. पंगतीत रोडगे कमी पडण्याचं हे जुनं कारण आहे.

बचत गटांसाठी एक गोष्ट वेगळी. हा काटा घरच्या मापासाठी आहे. पापड-मसाल्याच्या पुड्या भरून विकायच्या असतील तर वैध मापन विभागाचा शिक्का असलेला, वेळच्या वेळी पडताळलेला काटाच लागतो, आणि पुडीवर निव्वळ वजन छापावं लागतं. तीनशेच्या काट्यावर तोलून स्टॉलवर माल ठेवणं कायद्यात बसत नाही.

दुकानात विकत घेताना खिशात दहा रुपयांची दहा नाणी न्या. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, दहांचे ७७ भरले पाहिजेत, एखादा ग्रॅम इकडंतिकडं चालेल. मग तीच चळत ताटलीच्या चारही कडांना ठेवून पाहा, आकडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त हलला तर दुसरा नग मागा. शेवटी किलोचं सीलबंद मिठाचं पाकीट ठेवा, पिशवीसकट हजाराच्या थोडं वर यायला हवं. दुकानदार ‘घ्या ना ताई, एक ग्रामबी इकडचा तिकडं होत नाही’ म्हणेल. त्याला म्हणू द्या, नाणी ठेवा. आणि सेल आत आहेत का, झाकण उघडून बघा, बऱ्याचदा खोक्यात नसतातच.